पावसाळी सकाळी सुरू न होणारी जुनी पद्मिनी : दोष नेमका कुठे शोधावा?

मखमलाबाद रोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि ते गेल्यापासून मी ती चालवतो. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीन वेळा ती नाशिकच्या रस्त्यावर असतेच. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तिच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. चोक अर्धा ओढून किल्ली फिरवली की दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पकडते. मात्र पावसाची झड लागली की हीच गाडी सकाळी हटून बसते. आमची आई म्हणते की यांची गाडी यांच्यासारखीच आहे, पावसात घराबाहेर पडायला नको म्हणते.

लक्षणे सविस्तर सांगतो. सेल्फ व्यवस्थित फिरतो, बॅटरी गेल्या दिवाळीत नवी घातलेली आहे, पण इंजिन एकदाही पकडत नाही. पाच-सहा वेळा प्रयत्न केला की पेट्रोलचा उग्र वास येऊ लागतो. त्यानंतर गाडी तशीच सोडून दिली आणि दुपारी तासभर ऊन पडले, तर काहीच घडले नव्हते अशा थाटात ती पहिल्या किल्लीला सुरू होते. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते; शेडची पश्चिमेची बाजू उघडी असल्यामुळे पावसाचा झोडपा थेट बॉनेटवर येतो. तरीही ज्या दिवशी पाऊस नसतो, फक्त ढग आणि दमट हवा असते, त्या सकाळीही कधीकधी हाच प्रकार होतो. एकदा सुरू झाली की दिवसभर चांगली चालते. सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या एखाद्या रस्त्यावर मोठ्या डबक्यातून गेली, तर मात्र थोडा वेळ मिसिंग मारते.

आतापर्यंत एका गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे स्पर्शबिंदू) आणि डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप नवी घातली. प्रत्येक वेळी गाडी कोरड्या दिवशी परत मिळाली आणि अर्थातच सुरू झाली. दुसऱ्या गॅरेजमध्ये सांगितले की पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवल्याशिवाय हा त्रास जाणार नाही. पुन्हा खर्चात पडण्यापूर्वी दोष स्वतः शोधावा असे वाटते. माझ्याकडे पान्यांचा संच आणि मल्टीमीटर आहे. सुरुवात कुठून करावी, हे कृपया सांगावे.

सातपूरचा इलेक्ट्रिशियन

आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे काम झाले आहे. सेल्फ जोरात फिरतो, पेट्रोलचा वास येतो आणि ऊन पडल्यावर गाडी आपोआप बरी होते, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर संशय इंधनाकडून निघून करंटकडे जातो, आणि करंटमध्येही कॉइलपासून प्लगपर्यंतच्या उच्च दाबाच्या (व्होल्टेजच्या) बाजूकडे.

ही बाजू कशी चालते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते लक्षात आल्यावर कुठले भाग बदलणे व्यर्थ आहे हेही कळते. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यातून जातात. पॉइंट उघडले की तो प्रवाह एकदम तुटतो आणि कॉइलच्या बारीक तारेच्या वेढ्यात काही हजार व्होल्टांचा दाब तयार होतो. जुन्या पद्धतीच्या चांगल्या कॉइलमध्ये तो १५ ते २० हजारांपर्यंत जाऊ शकतो. हा दाब कॉइलच्या तोंडातून मेन लीडने, म्हणजे मधल्या जाड तारेने, कॅपच्या मध्यभागी येतो, तिथून आत फिरणारा रोटर तो एकेका प्लगच्या तारेला १-३-४-२ या क्रमाने वाटतो. एवढ्या दाबाला प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट मिळाली की तो त्या वाटेने बॉडीला जाऊन मिळतो आणि प्लगपाशी ठिणगी पडत नाही. कॅपवर, लीडवर किंवा कॉइलच्या तोंडावर धूळ, तेल आणि पॉइंटच्या झिजेची भुकटी यांचा थर साचलेला असतो. कोरडा असताना तो निरुपद्रवी असतो. दमट हवेत तो ओलावा धरतो आणि वीज वाहून नेऊ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पहाटेची आर्द्रता सहज नव्वदीच्या वर जाते, त्यामुळे प्रत्यक्ष पाऊस पडलेला नसतानाही हे घडते. शिवाय संध्याकाळी गरम इंजिन बंद केले की रात्री गार होताना कॅपच्या आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणून कॅप बाहेरून पुसून भागत नाही.

आता गाडी फक्त सुरू होतानाच का अडते आणि नंतर का चालते, हा प्रश्न उरतो. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा दाब १० व्होल्टांच्या आसपास उतरतो, म्हणजे कॉइलला मिळणारे बळ सर्वांत कमी असते. त्याच वेळी इंजिन थंड असते, प्लग पेट्रोलने भिजलेले असतात आणि ठिणगीची गरज सर्वांत जास्त असते. एकदा इंजिन चालू झाले की चार्जिंग १३.५ ते १४ व्होल्टांवर येते, बॉनेटखालची उष्णता सगळे वाळवते आणि गळती आपोआप बंद पडते. दोष गेलेला नसतो, तो दुसऱ्या सकाळपर्यंत लपलेला असतो.

आणखी एक मुद्दा, ज्यात बरेच कारागीर फसतात. प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवला आणि ठिणगी दिसली, तर करंट ठीक आहे असे मानले जाते. परंतु उघड्या हवेत तीच फट ओलांडायला लागणारा दाब सिलिंडरमधल्या दाबलेल्या मिश्रणात लागणाऱ्या दाबापेक्षा बराच कमी असतो. बाहेर पडणारी पिवळसर, बारीक ठिणगी आत पडेलच असे नाही. म्हणून ठिणगी पडते की नाही एवढेच न पाहता ती निळसर-पांढरी आणि चट्ट आवाज करणारी आहे का, ते पाहावे. ही तपासणी करताना तार हातात धरू नये आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे.

मल्टीमीटरने आपण दोन मापे नक्की घ्या. दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून, सेल्फ फिरत असताना, मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. आकडा अर्ध्या व्होल्टाच्या आत हवा. मग बॅटरीच्या धन टोकापासून कॉइलच्या धन टोकापर्यंत हेच करा. तिथे एक व्होल्टापेक्षा जास्त फरक नको. उच्च दाबाच्या बाजूची गळती मात्र मल्टीमीटरवर कधीच दिसणार नाही, कारण मीटरची बॅटरी ९ व्होल्टांची आणि गळती सुरू होते हजारो व्होल्टांवर. आम्ही कारखान्यात विजेच्या मोटारीचे वाइंडिंग तपासायला मेगर (गळती मोजणारे मीटर) लावतो, तोही ५०० किंवा १००० व्होल्टांचा असतो. इथे त्यानेही खात्री होत नाही.

इलेक्ट्रॉनिक संचाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो चांगला असतो, पॉइंटची कटकट जाते, पण कॅप, रोटर, लीड आणि बहुधा कॉइलही जुनीच राहते. गळती त्या भागांत असेल तर संच बसवूनही ती तिथेच राहणार. दाब वाढला तर गळतीला उलट जोर येईल.

पिंपळगावचा बागाईतदार

भाऊ, वरच्या उत्तराला विरोध नाही, पण इंधनाकडे अगदीच पाठ फिरवू नका. आमच्या बागेत पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप आहे आणि तो दर पावसाळ्यात असाच नखरे करतो. दोन वर्षांपूर्वी मीही प्लग आणि तार बदलत बसलो होतो. शेवटी टाकीच्या तळाशी पाणी निघाले. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. ठरावीक प्रमाणापर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहते, त्यापुढे पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात. आठवड्यातून दोनदा चालणाऱ्या, अर्धी टाकी रिकामी ठेवलेल्या जुन्या गाडीत हे होणे अशक्य नाही. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमधले पेट्रोल काचेच्या पांढऱ्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर उत्तर मिळाले. नाही दिसले तर मी माझे म्हणणे मागे घेतो.

त्याच निमित्ताने पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बघून घ्या. १९८८ सालचे रबर इथेनॉल लक्षात घेऊन बनवलेले नव्हते. पाइप बोटांनी दाबल्यावर मऊ-चिकट लागला किंवा त्यावर चिरा दिसल्या, तर पावसाचा संबंध असो-नसो, तो बदलाच. तिथे प्रश्न गाडी सुरू होण्याचा नाही, आगीचा आहे.

मखमलाबाद रोडकर

दोघांचे आभार. आज सकाळी पावसाची रिपरिप होती आणि गाडी नेहमीप्रमाणे सुरू झाली नाही, म्हणून लगेच काही गोष्टी पाहून घेतल्या. आठ-दहा सेकंदांचे तीन प्रयत्न केल्यानंतर प्लग काढले तर चारही पेट्रोलने ओले होते, म्हणजे इंधन आत पोहोचते आहे. फ्लोट बाउलमधले पेट्रोल बाटलीत ठेवले. पंधरा मिनिटांनीही एकसारखे, स्वच्छ, खाली काहीच नाही. पाइप मात्र खरोखरच चिरलेला निघाला, तो आजच बदलला. बागाईतदार साहेबांच्या सूचनेमुळे एक धोका टळला.

बाहेर काढलेल्या प्लगवर ठिणगी दिसते, पण ती पिवळट आहे. दुपारी पाऊस थांबल्यावर हीच ठिणगी पाहिली तर चांगली निळसर होती. कॅप उघडून आत पाहिली, वर्षभरापूर्वीचीच आहे, तडा दिसत नाही, मधला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर नीट आत-बाहेर होतो. आता पुढे काय? रोज पावसाची वाट बघत बॉनेट उघडून उभे राहणे हे फारसे व्यवहार्य वाटत नाही.

निवृत्त फिटर, देवळाली

पावसाची वाट बघू नका, पाऊस आपण आणा. आमच्या उमेदीच्या काळात या गाडीची रोजची कामे असत आणि असा दोष शोधण्याची एकच खात्रीची रीत होती, ती आजही तशीच आहे. कोरड्या दिवशी, रात्री, पूर्ण अंधारात, गाडी सुरू करून बॉनेट उघडा. कपड्यांना इस्त्री करताना पाणी फवारतो ती बाटली घ्या आणि नळाचे साधे पाणी अगदी बारीक तुषारांत मारा. सगळीकडे एकदम मारू नका. आधी प्लगच्या चार तारा, मग दोन-तीन मिनिटे थांबून कॅप, मग मेन लीड आणि सगळ्यांत शेवटी कॉइल. जिथे पाणी पडताच इंजिन अडखळेल तिथे डोळा ठेवा. गळती असेल तर निळी-जांभळी रेघ नाचताना दिसते आणि टिक-टिक असा आवाज ऐकू येतो. गळती कॅपच्या आत असेल तर रेघ दिसणार नाही, पण त्या भागावर पाणी पडल्यावर इंजिन अडखळेल, तेवढे पुरे.

काळजी घ्यायच्या गोष्टी सांगून ठेवतो, कारण अंधारात चालू इंजिनवर वाकायचे आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, गळ्यात उपरणे-मफलर नको, कारण पुढे पट्ट्यावरचा पंखा फिरत असतो आणि तो अंधारात दिसत नाही. कुठल्याही तारेला हात लावायचा नाही. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांनी बॉनेटजवळ येऊ नये. शेड तीन बाजूंनी बंद आहे, तेव्हा गाडी उघड्यावर घेऊन हे करा, धूर कोंडायला नको.

लोक पावसाळ्यात आणखी काय काय करतात तेही ठाऊक आहे. प्लग गॅसवर तापवून गरम-गरम बसवतात. त्याने गाडी सुरू होते, कारण प्लग वाळतो आणि पेट्रोल चटकन उडते, पण पेट्रोलने भिजलेला प्लग स्वयंपाकघरातल्या ज्योतीवर धरणे मला पटत नाही. रात्रभर बॉनेटखाली पिवळा बल्ब जळत ठेवतात. ओलावा जातो खरा, पण पेट्रोलच्या वाफा आणि तापलेला बल्ब एका ठिकाणी ठेवून मला तरी झोप लागणार नाही. जमिनीपर्यंत घट्ट ताडपत्री पांघरतात, त्याने तर ओल आतच कोंडते. ताडपत्री घालायचीच असेल तर फक्त बॉनेटवर, खालून हवा खेळती ठेवून.

कॅप नवी आहे म्हणता, पण मेन लीड आणि तिची रबरी टोपणे बदलली का, ते लिहिलेले नाही. ते बघा.

सातपूरचा इलेक्ट्रिशियन

काकांनी सांगितलेली रीत सर्वांत उत्तम आहे. फक्त एक भर घालतो: बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त कॅपमध्ये आतली टोके पितळेऐवजी ॲल्युमिनियमची असतात आणि दमट हवेत त्यांच्यावर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते. आपल्या कॅपमध्ये ती दिसते का, पाहावे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोपर्यंत चांगले सुटे भाग ढिगाने मिळत. तिथली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली आणि आता जे हाताला लागते ते पारखून घ्यावे लागते.

मखमलाबाद रोडकर

सापडले. निदान एक तरी नक्की सापडले.

काल रात्री साडेनऊला गाडी शेडबाहेर काढली, ओट्यावरचा दिवा मालवला आणि मुलाला हातात बाटली देऊन मी शेजारी उभा राहिलो. प्लगच्या तारांवर तुषार मारले, काही नाही. कॅपवर मारले, इंजिन किंचितही हलले नाही. मेन लीडच्या मधल्या भागावर मारले, तरी शांत. मग कॉइलवर बाटलीचा एक दाब बसला मात्र, इंजिन लगेच खोकल्यासारखे अडखळले आणि कॉइलच्या काळ्या मानेवरून खालच्या पत्र्याच्या पट्टीपर्यंत साधारण दोन सेंटिमीटर लांबीची जांभळी रेघ थुईथुई नाचू लागली. मुलगा ओरडला की बाबा, वीज पडतेय. काकांनी सांगितलेली टिक-टिक अगदी स्पष्ट ऐकू येत होती.

आज उजेडात कॉइल उतरवली. मेन लीडच्या टोकाचे रबरी टोपण लाकडासारखे कडक झालेले आहे आणि त्याला नखाएवढी उभी चीर आहे. टोपण सरकवल्यावर त्याच्याखाली कॉइलच्या मानेवर शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी करडी, वेडीवाकडी रेघ दिसली. प्रथम वाटले धूळ असेल. कापडाने पुसली, मग नखाने खरवडली, तरी जात नाही. विशेष म्हणजे बॉनेटच्या आतल्या बाजूला गंजाचा एक ओघळ आहे आणि बॉनेट मिटले की तो बरोबर कॉइलच्या डोक्यावर येतो. म्हणजे इतकी वर्षे पावसाचा थेंब नेमका तिथेच पडत असणार. गॅरेजमध्ये कॅप नवी घातली, पण मेन लीड आणि कॉइल ज्यांच्यात्यांच्या जागी तशीच ठेवली होती.

प्रश्न असा की ही रेघ पॉलिश पेपरने घासून, वरून वार्निश लावून कॉइल वापरता येईल का?

निवृत्त फिटर, देवळाली

नाही. ती रेघ म्हणजे जळालेले बेकलाइट (कॉइलच्या मानेचे कडक प्लास्टिक) आहे, त्याचा कार्बन झालेला आहे आणि तो कार्बन वीज वाहून नेतो. वरचे घासले तरी खाली खोलवर उरतो, आणि करंटने एकदा पाडलेली वाट तो पुन्हा हुडकून काढतो. नवी कॉइल घ्या आणि तिच्याबरोबर मेन लीड व दोन्ही टोकांची टोपणेही नवी घ्या. कॉइल बसवताना ती त्या ओघळाखालून दोन बोटे बाजूला सरकवता आली तर सरकवा, आणि बॉनेटच्या कडेचे रबर जिथे दबून चपटे झाले आहे ते बदला.

सातपूरचा इलेक्ट्रिशियन

कॉइल आणताना दुकानदार देईल ती उचलू नका. १२ व्होल्टांच्या कॉइल दोन तऱ्हेच्या असतात. एक साधी, तिच्या प्राथमिक वेढ्याचा रोध साधारण ३ ओहम असतो आणि ती थेट बॅटरीच्या दाबावर चालते. दुसरी बाहेर वेगळा रेझिस्टर लावून चालवायची, तिचा रोध दीड ओहमच्या आसपास असतो. ही दुसरी कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो, कॉइल हात लागणार नाही इतकी तापते आणि पॉइंट काही आठवड्यांत जळतात. तेव्हा जुन्या कॉइलच्या धन आणि ऋण टोकांमधला रोध मल्टीमीटरने मोजा, आकडा कागदावर लिहून घ्या, मीटर खिशात घालून आपल्या नाशिकच्या द्वारका चौकाकडे दुकानात जा आणि नवी कॉइल तिथेच मोजून घ्या. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्या.

आणि बॅटरी ते इंजिन हे माप आपण अजून कळवलेले नाही.

मखमलाबाद रोडकर

क्षमस्व, जांभळ्या रेघेच्या नादात ते राहूनच गेले होते. जुनी कॉइल ३.१ ओहम निघाली, नवी ३.० ची मिळाली. मेन लीड, टोपणे आणि रोटर नवे घातले. दुसऱ्याच दिवशी सकाळी गंगापूर धरणातून पाणी सोडले, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आले असे शेजारी सांगत होते, म्हणजे परीक्षेला याहून योग्य दिवस मिळाला नसता. गाडी सुरू झाली, पण सहाव्या प्रयत्नाला. पूर्वी ती सुरूच होत नव्हती, त्यामुळे मी खूश होतो. परंतु सहा प्रयत्न म्हणजे काहीतरी शिल्लक आहे, हेही कळत होते.

मग ते माप घेतले. सेल्फ फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांच्यात १.१ व्होल्ट दिसले, आणि आपण मर्यादा सांगितली होती अर्ध्या व्होल्टाची. इंजिनपासून बॉडीला जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी शोधून काढली. तिच्या बोल्टाखाली गंज आणि जुन्या रंगाचा थर होता आणि पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या होत्या. नवी पट्टी घातली, खालचा धातू चकचकीत होईपर्यंत घासला, वर ग्रीस लावले. आता तेच माप ०.२ व्होल्ट आहे. सेल्फचा आवाजही बदलला आहे; मला वाटत होते तो पूर्वीही जोरात फिरतो, पण जोरात म्हणजे काय हे आता कळले.

त्यानंतरच्या चार ओल्या सकाळी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच सुरू झाली आहे. डबक्यातून गेल्यावरचे मिसिंग मात्र अजून थोडे आहे.

पिंपळगावचा बागाईतदार

डबक्याचे कारण पंखा. खालून उडालेले पाणी तो थेट इंजिनवर उधळतो. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून डिस्ट्रिब्युटरच्या पुढे पडद्यासारखा बांधा, पण पंख्याच्या आणि पट्ट्याच्या कक्षेत येणार नाही अशा बेताने, आणि गरम नळीला टेकू देऊ नका. पाणी दिसले की पहिल्या गिअरमध्ये सावकाश जा. आमच्याकडे मोऱ्यांवरून पाणी जाते तेव्हा आम्ही हेच करतो. पाणी चाकाच्या आसाच्या वर असेल तर गाडी घालतच नाही.

निवृत्त फिटर, देवळाली

ट्यूबचा पडदा चालेल. प्लगच्या चार तारा किती वर्षांच्या आहेत ते माहीत नसेल तर त्याही बदलून टाका, त्या रात्री रेघ दिसली नाही म्हणून त्या तरुण झाल्या असे नाही. काढताना एकेकच काढा आणि तिच्या जागी नवी बसवूनच दुसरीला हात लावा, म्हणजे क्रम चुकण्याचा प्रश्न येणार नाही. टोपणांच्या आत सिलिकॉन ग्रीसचे अगदी पातळ बोट फिरवा. ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपण चिकटून फाटत नाही. साधे चेसिसचे ग्रीस तिथे लावू नका, त्याने रबर फुगते.

शेवटचे एक सांगायचे होते. जुनी कॉइल अडीअडचणीला असू द्यावी म्हणून डिकीत ठेवली असेल तर ती आजच भंगारात द्या. मी स्वतः अशीच एक ठेवली होती आणि तीन वर्षांनी कसारा घाटात, भर पावसात, अंधारात, चांगली कॉइल बिघडली असे समजून तीच पुन्हा बसवली होती.